बर्फवालीच्या गाडीचा कॉम्प्युटर

सुनेची स्कूटर दुरुस्तीला दिली होती म्हणून मी गॅरेजच्या बाकावर बसले होते. समोर एका बर्फवालीची आणि मिस्त्रीची जुंपली होती. तिची पिकअप बर्फाच्या लाद्यांनी भरलेली, आणि बंद. खालून पाण्याचे ओघळ माझ्या चपलांपर्यंत आले होते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण कानांना झाकण कुठे असतं?

“इंजिनाचा कॉम्प्युटर गेला म्हणालात. दुसरा बसवलात. मग गाडी का चालू होईना?”

“ताई, आता वाटतंय वायरच तुटलीय. उंदरानं कुरतडली असेल.”

“आता वाटतंय? आधी वायर बघितली नव्हती?”

“तपासायचं मशीन लावलं होतं. मशीननं कॉम्प्युटरच दाखवला.”

“मशीननं बोट दाखवलं आणि तुम्ही फाशी दिलीत! म्हणजे माझा जुना चांगलाच होता?”

“तसं म्हणता येईल.”

“मग हा काढा आणि माझा बसवा.”

“तो इथे नाहीये, ताई.”

“पाय फुटले काय त्याला?”

“मघाशी ती निळी पिकअप गेली ना, तिचा खरंच गेला होता. तुमचा लावून बघितला.”

“आणि?”

“एका झटक्यात चालू झाली.”

“वा रे वैद्या! माझ्या गाडीत मेलेला, तिकडे जाऊन उठून बसला?”

“संध्याकाळपर्यंत वायर जोडून देतो, ताई.”

“तोवर बर्फाचं पाणी होईल, ते तू पिणार काय? ती दारातली रिकामी पिकअप कोणाची?”

“माझी.”

“मागचा फाळका पाड तिचा. लाद्या उचल. आणि वर गोणपाट नीट टाक, मी बघतेय.”