जुन्या अभ्यासक्रमाचा गठ्ठा

—नाही, बसत नाही मी. बसलं की राग निवतो, आणि मला तो इतक्यात निवायला नकोय. आधी ही पिशवी उघडा. उघडा हो, साप नाहीये आत. तुमचीच पुस्तकं आहेत, पहिल्या पानावर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, तेव्हा आमची नव्हेत म्हणून हात वर करू नका. जीवशास्त्र भाग एक, भाग दोन, आणि हे तिसरं — 'हमखास यश'. वरची ही मुलगी बघा, सगळे दात दाखवतेय — जीवशास्त्र वाचून कुणी असं हसतं का? आणि आत काय, तर दुसऱ्यानं चघळून टाकलेलं. हृदयाला कप्पे किती, तर चार. बरं, चार का? बेडकाला तीन, मग आपल्यालाच चार कशाला? ते कुठं नाही. पाठ करा, ओका, मोकळे व्हा. मी जेवताना हे उघडलं होतं एकदा, नेमकं जंताचं चित्र निघालं — पण त्या जंताची नाही आली मला, इतकी या पुस्तकाची शिसारी आली.

माझ्यासाठी? नाही हो, माझ्या सुनेसाठी. ती रक्त तपासतात त्या लॅबमध्ये काउंटरवर बसते — नाव लिहा, नळीवर चिठ्ठी लावा, तेवढंच. पण आतल्या खोलीत चाललेलं सगळं तिला कळतं, कळून घ्यायची हौस आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, जीवशास्त्राचा पेपर बाहेरून दे, पास झालीस की तपासणीच्या कोर्सला मी पाठवतो. शिक्षण अर्धं राहिलेलं तिचं, लग्नामुळे — म्हणजे आमच्यामुळेच. क्लास लावायचा तर वेळ कुठला, लॅब सुटली की घर. म्हणून घरीच अभ्यास. पुस्तकं माझा मुलगा घेऊन आला, न सांगता, आपणहून. मला काय वाटलं असेल सांगा. मी शेजारणीला बोलावून दाखवली — बघा, नवरा असावा तर असा.

वर्षभर वाचलं तिनं. कणीक मळताना मी पुस्तक धरायची आणि विचारायची, ती उत्तरं द्यायची. मूत्रपिंड मला आता तोंडपाठ आहे, या वयात, कुणाला सांगू? आणि परीक्षेला गेली तर अर्धा पेपर तिनं कधी नावही न ऐकलेला. घरी आली, पदर खोचला, सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा परत घासली. मग म्हणाली, "आई, मला डोकंच नाही." एवढंच. रडली असती तर बरं झालं असतं. मुलगा जेवत होता. म्हणाला, मी आधीच सांगत होतो — आणि भात वाढ म्हणाला आणखी. चांगला जेवला त्या दिवशी.

तर काल शेजारची मुलगी आली, कॉलेजात जाते ती. हे पुस्तक तिनं चाळलं आणि हसायलाच लागली. म्हणे आजी, हा अभ्यासक्रम जाऊन किती वर्षं झाली, यातलं आता कुणी विचारतही नाही. म्हणून आलेय मी. शिळी भाजी विकणारा निदान वरून पाणी तरी मारतो, तुम्ही तेवढंही — काय? सांगितलं होतं? कुणाला सांगितलं होतं?

हे बघा, गिऱ्हाईक गेल्यावर असं सगळेच म्हणतात. माझा मुलगा टाइलच्या दुकानात मॅनेजर आहे, शिकलेला आहे, त्याला कुणी सांगितलं की हे जुनं आहे तर तो कशाला — रद्दीच्या खोक्यातून? त्यानं स्वतः वाकून काढली? आणि नवीन पुस्तकं तुम्ही इथं, या काउंटरवर ठेवली होती त्याच्यापुढं? नाही, दुसरा कुणी असेल. तुमच्याकडे दिवसाला इतकी माणसं येतात. चष्मेवाले काय थोडे असतात? मानेवर डाग — असतो पुष्कळांना. काय म्हणाला तो? परत सांगा. नाही, त्याच शब्दांत सांगा, सुधारून नको.

'तिला काय, वाचल्याचं समाधान हवंय.'

बरं.

तोच तो. नाही, पाणी नको. तोच. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं दुसऱ्या डॉक्टरांना विचारू का, असं मी म्हणाले तेव्हा हेच म्हणाला होता बहिणीला, मी दाराआड होते — आईला काय, विचारल्याचं समाधान हवंय. हसत म्हणतो. मऊ आवाजात. चारचौघांत त्याच्यासारखा समजूतदार नाही कुणी. आणि मी काय केलं, तर तेव्हाही ऐकलं न ऐकलंसं केलं, म्हटलं कामाचा ताण असतो. अहो, बायकोला पुस्तकं आणून द्यायची, वर्षभर ती वाचताना बघायची, बत्ती बंद करू का म्हणून विचारायचं प्रेमानं, आणि मनात ठाऊक असायचं की — शी. मारणारा परवडला. तो दिसतो तरी. मला माझ्या पोटाची किळस आलीय आत्ता, खरं सांगते.

हो, नवीन काढा. सगळी काढा, मी बघते. हे नको, यात नुसती प्रश्नोत्तरं. हेही नको, चित्रं आहेत पण नावं इतकी बारीक की मुंगीला चष्मा लागेल. हे कोणतं — अभ्यासक्रमाचंच पुस्तक? याला दात दाखवणारी मुलगी नाही, चांगली खूण आहे. कप्प्यांचं बघू. हं. आहे. चार का ते दिलंय, सरळ भाषेत, मलाही कळलं. हे घेते. आणि मागच्या परीक्षांचे पेपर. बस, तिला एवढं पुरे. गाईड नको, तिला चघळलेलं लागत नाही, दात आहेत तिला.

एक काम कराल का? ती आली, विचारलं, तर दुकानाची चूक झाली म्हणून सांगा. नोकरानं चुकून जुनी दिली म्हणा. संसार आहे हो त्यांचा. तिला डोकं आहे एवढं तिला कळलं म्हणजे झालं, बाकीचं कळून काय — असे काय बघताय? मान का हलवताय?

कधी आली होती? पेपर झाल्यावर, दुसऱ्याच दिवशी? आणि तुम्ही सांगितलंत? सगळं? ते वाक्यसुद्धा?

काय म्हणाली?

म्हणजे ही नवीन पुस्तकं तिनं तेव्हाच नेली. लॅबमध्ये ठेवते. आता कळलं मला. परवा मी विचारलं, सजीवांचे गट किती, तर म्हणाली पाच. मी म्हटलं दोन, वनस्पती आणि प्राणी, नीट वाच की गं. अळंबी कशात, तर म्हणे दोन्हींत नाही. मी तिला ओरडले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, बरं आई, दोन. खोटं उत्तर दिलं माझ्यासाठी. आणि जाताना तुम्हाला काय सांगून गेली म्हणालात?

'माझ्या सासूबाईंना कळू देऊ नका, त्यांनी ती पुस्तकं फार कौतुकानं शेजारणीला दाखवली होती.'

नाही, ठीक आहे मी. हे पुस्तक मला तरीही द्या. तिचं लॅबमध्ये राहू दे, घरी प्रश्न विचारायला माझ्याजवळ नको का? पाच गटांपासून सुरुवात करते. आणि मघाशी म्हटलं ते सोडून द्या, चूक दुकानाची नव्हती, कुणालाही तसं सांगायचं नाही. हा गठ्ठा परत खोक्यात टाका. जिथून आला तिथं.

पिशवी नको. कागदही नको, गुंडाळू नका. असंच द्या. आज त्याला सुट्टी आहे, दारातच खुर्ची टाकून बसलेला असतो. दिसू दे त्याला.