कागद नसलेलं पिल्लू

यार, केसमध्ये आम्ही शंभर टक्के बरोबर होतो, म्हणून तर सांगतोय.

इथल्या, लखनौतल्या आलमबागच्या एका माणसाकडून लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं. केनेल क्लबचा नोंदणीचा कागद 'अगले हफ़्ते' देतो म्हणाला, आणि मग फोन उचलणंच बंद केलं. माझं डोकं सटकलं. ओळखीच्या एका वकिलांना घरी चहाला बोलावलं.

ते म्हणाले, "व्हॉट्सॲप पर वादा किया है ना? बस. पहले नोटिस, फिर उपभोक्ता आयोग, यानी कंज़्यूमर कोर्ट. या तो पिल्ला लौटाकर पूरे पैसे लीजिए, या पिल्ला रखकर काग़ज़वाले और बिना काग़ज़वाले दाम का फ़र्क और हर्जाना."

माझे वडील, आबा, तिथेच बसले होते. पिल्लू त्यांच्या पायाशी झोपलेलं. त्यांनी विचारलं, "उस काग़ज़ में होता क्या है?"

"ख़ानदान, अंकल. बाप, दादा, परदादा. असली नस्ल का सबूत."

आबांनी वाकून पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "नोकरीसाठी लखनौला आलो तेव्हा एका घरमालकाने हेच विचारलं होतं. बाप कोण, आजोबा कोण. आपण बौद्ध आहोत हे कळल्यावर हातात दिलेली किल्ली परत मागून घेतली."

वकिलांनी कप खाली ठेवला.

"मग केस नको करू?" मी विचारलं.

"कर की! खोटं बोलून विकलंय त्याने, सोडू नकोस. पण पिल्लू परत जाणार नाही." आबांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. "आणि याचा आजोबा कोण, हे या घरात कुणी विचारायचं नाही."