चारशे बारा संत्री

शामला : मामाजी, बंद करा ते आता. रिक्षा साडेतीनला येते. चारच्या आत रामदासपेठच्या दवाखान्यात पोचलो नाही तर तुमची खाट डॉक्टर दुसऱ्याला देऊन टाकतील.

मनोहरराव : देऊ दे. ज्याले गरज आहे त्याले भेटली पाहिजे खाट. मले दिसते.

मनकर्णा : दिसते म्हणे. परवा खुंटीवरच्या कोटाले म्हणत होते, या गोपाळराव, बसा.

मनोहरराव : कोट गोपाळरावचाच होता. विसरून गेला होता तो. मंग माझी चूक कुठं झाली?

मनकर्णा : ऐकलं, शामला? तुझा सासरा हा असा आहे. चाळीस वर्ष मी हेच ऐकून राहिली.

मनोहरराव : शामला, तू मास्तरीण आहे, शिकलेली आहे. हिचं सोड. तुले पुरावा पाहिजे ना? तुझ्या भावानं दसऱ्याले दुबईवरून हे खेळणं आणलं. तळहाताएवढं. काचेत एक माणूस टोपली घेऊन उभा, चार कोपऱ्यांत चार झाडं, झाडांवरून संत्री पडतात. मुंगीएवढी संत्री. तीन सुटली की खेळ खलास. आत्ता जेवण झाल्यावर मी किती झेलली? चारशे बारा. तुझ्या प्रमोदिनीचा आकडा किती जाते?

शामला : नव्वद.

मनोहरराव : दहा वर्षाच्या पोरीचे डोळे, नव्वद. माझे बासष्ट वर्षाचे, चारशे बारा. मंग मोतीबिंदू कोणाले झाला, मले का तिले?

शामला : हेच तर मला समजून नाही राहिलं. डॉक्टर म्हणतात उजवा पूर्ण पिकला, डाव्यातही धुकं आहे. आणि काल तुम्ही न पाहता मला म्हणाले, तीनशे सत्तर झाले, जाऊन बघ. मी काचेत पाहिलं तर बरोबर तीनशे सत्तर. खरं सांगू का? मी प्रमोदिनीच्या बाबांना म्हटलं, डॉक्टरांचीच काही गडबड होत असेल. अर्धं मन म्हणते, खाट सोडून द्यावी.

मनकर्णा : झाली का तू बी त्यांच्या पार्टीत? अवं, या डब्बीनं घराचं काय करून ठेवलं ते पाय ना. तीन वेळा दूध उतू गेलं, हे चुलीजवळच बसून होते. पारशिवनीवरून माझा भाऊ चंद्रभान आला, अर्धा तास समोर बसला, आणि यांचं आपलं टिक टिक, टिक टिक. बिचारा चहा प्यायला, मलेच राम राम करून गेला. आता गावभर सांगत असन, जावई वेडे झाले म्हणून.

मनोहरराव : चंद्रभानभाऊ बोलते तरी काय? सोयाबीन आणि गुडघे. दोन्हींचं मले पाठ आहे.

मनकर्णा : आणि ती पोरगी? परवा रडत आली माझ्याकडं. आजी, खेळणं माझं आहे आणि आजोबा माझा डाव खाऊन टाकतात. बासष्ट वर्षाचा माणूस पोरीचा डाव खाते. मले त लाज वाटली.

मनोहरराव : झाले डब्बीचे अवगुण मोजून? आता गुण बी सांग. तंबाखू कधीपासून बंद आहे?

मनकर्णा : बोला तुम्हीच.

मनोहरराव : नाही, तू सांग.

मनकर्णा : दसऱ्यापासून.

मनोहरराव : तीन महिने. तारघरात चौतीस वर्ष नोकरी केली, तितके वर्ष तंबाखू चोळली. माझी माय रडली, तू रडली, साहेबानं मेमो दिला. सुटली का? चुना चोळायले हात मोकळे लागतात वं. दोन्ही अंगठे या डब्बीत अडकले, आता चोळन कोण?

मनकर्णा : ते खरं आहे. तेवढं खरं आहे.

शामला : आणखी एक मी सांगते, आत्याबाई. रिटायर झाले तेव्हापासून मामाजी नुसते ओसरीवर बसून राहत. कोणी बोललं तर हाव, नाही तर नाही. चार वर्ष असे गेले. आता घरात हसणं ऐकू येते. मी शाळेतून आली की आधी यांचा आवाज येते, गेलं, गेलं, धर, धर. मला बरं वाटते.

मनकर्णा : हसतात ना. डब्बीकडं तोंड करून हसतात. आमच्याकडं पाहून एक शब्द नाही.

शामला : काय झालं, आत्याबाई?

मनकर्णा : काही नाही. जाऊ दे. थैलीत दोन धोतरं टाकली, पंचा टाकला. तांब्या राहिला.

मनोहरराव : थैली सोडून ठेव. शामला, आपण पैज लावू. तुझ्यासमोर डाव मांडतो. शंभरच्या आत तीन सुटली, त मी मुकाट्यानं रिक्षात बसतो. शंभरावर गेलो, त खाट सोडायची आणि ऑपरेशनचं नाव या घरात काढायचं नाही. मंजूर?

शामला : मंजूर. पण मी मागे उभी राहून पाहीन.

मनोहरराव : पाय ना. शिकायले भेटन तुले.

(टिक, टिक, टिक. हळू, मग जरा जलद.)

मनोहरराव : बारा, तेरा, चौदा. पाय, वरच्या झाडावरून आलं. पंधरा.

मनकर्णा : हे असं दिवसभर. मी म्हणतो, मानेले काही होत नाही का?

मनोहरराव : बोलू नको वं, लय तुटते. एकोणतीस. तीस.

शामला : आत्याबाई, जरा इकडे या.

मनकर्णा : मले नाही पाहायचं ते.

शामला : या तर. बोलू नका, फक्त पाहा.

मनकर्णा : काय आहे? अगं माय.

मनोहरराव : काय झालं?

शामला : काही नाही मामाजी, खेळा तुम्ही. टोपलीवाला माणूस कसा आहे हो?

मनोहरराव : कसा म्हणजे? माणसासारखा आहे. छप्पन्न, सत्तावन्न.

शामला : दिसून राहिला ना?

मनोहरराव : स्वच्छ. डोक्यावर टोपी आहे त्याच्या. आता चारही झाडं सुटली पाय, आता मजा आहे. शहात्तर. सत्त्याहत्तर.

शामला : टोपी आहे. बरं. आणखी काय आहे?

मनोहरराव : आणखी काय राहते? टोपी, टोपली, माणूस. नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक. झालं. जिंकलो. सोड थैली.

शामला : जिंकले तुम्ही. पण मामाजी, त्या माणसावर टिकली चिकटली आहे.

मनोहरराव : टिकली?

शामला : काचेच्या बरोबर मधे. माणूस नाही दिसत, टोपली नाही दिसत, अर्धी झाडं नाही दिसत. फक्त टिकली दिसते.

मनोहरराव : एखादवेळी आत्ता चिकटली असन.

मनकर्णा : सकाळपासून आहे ती. माझी आहे. अंघोळीले जाताना काढून आरशाले लावतो मी रोज. आज आरशापुढं तुमचा लेक दाढी करून राहिला होता. कोनाड्यात या डब्बीची काच काळी काळी चमकली, म्हटलं दोन मिनिट इथं लावून ठेवतो. बाहेर आली आणि विसरली. न्हाणी शोधली, गादी झटकली, प्रमोदिनीले रागावली. शेवटी कुंकू लावून बसली.

शामला : म्हणजे सकाळपासून तुम्ही टिकलीवर खेळून राहिले. चारशे बारा संत्री, आणि एक दिसलं नाही.

मनोहरराव : आठ वाजता दोनशे साठ बी झाले होते.

शामला : मामाजी.

मनोहरराव : हाव बाप्पा. नाही दिसत.

शामला : मग झेलता कसे?

मनोहरराव : ऐकून. हे घे, कानाजवळ धर. चार झाडं, चार सूर. वरचं बारीक वाजते, खालचं जाड. चार टिक झाल्या की संत्रं टोपलीशी आलं. तारघरात काय होतं? कट्ट, कडकट्ट, कट्ट. आम्ही डोळे मिटून तार घेत होतो. इटारसीच्या लाइनवर कोण बसला आहे, ते त्याच्या हातावरून ओळखत होतो. वर्धेवाल्याचं कालच बायकोशी भांडण झालं, ते बी समजत होतं. त्यापुढं ही संत्री काय चीज आहे.

शामला : आणि आकडा?

मनोहरराव : तारेतले शब्द मोजायची सवय. झोपेत बी मोजतो. दसऱ्याले थोडं थोडं दिसत होतं काचेत. मंग माणूस पुसट झाला, मंग झाडं गेली. म्हटलं, गेला खेळ. पण हात थांबले नाही, शामला. चार वर्षांनी माझे हात चालू झाले होते. मले वाटलं मी पुन्हा ड्यूटीवर आहे.

मनकर्णा : मंग एवढं खोटं काहून बोलले? सुनेले फसवलं, डॉक्टरले खोटं पाडलं. काहून?

मनोहरराव : रामाजीदादा.

शामला : कोण?

मनकर्णा : यांचा मोठा भाऊ. तुझ्या लग्नाच्या पहिलेच वारले.

मनोहरराव : दादाचं ऑपरेशन गावच्या शिबिरात झालं. जुनी गोष्ट आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूले वाळूच्या थैल्या, डोळ्यांवर पट्टी. आठ दिवस हलायचं नाही. मी बाजूले बसून होतो. दुपारी सारे झोपले की शिबिरात पान हलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणे, मनू, काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, मी आहे का गेलो? चौथ्या दिवशी उठून बसला आणि पट्टी ओढून काढली. डोळा गेला. डॉक्टरची काही चूक नव्हती. दादाले ते सहन झालं नाही, बस. नांगरासमोर बैल अडला तर स्वतः जू ओढणारा माणूस होता तो. मी त्याच्यापेक्षा भित्रा आहे. मले भीती वाटते.

मनकर्णा : भीती वाटते त सांगायचं ना. मी काय परकी आहे?

मनोहरराव : चाळीस वर्ष तुझ्यावर ओरडलो. आता कोणत्या तोंडानं सांगू की अंधाराले भेतो?

शामला : मामाजी, आता वाळूच्या थैल्या नाही राहिल्या. चार दिवस राहायचं. पट्टी एकाच डोळ्याला.

मनोहरराव : दुसऱ्यात धुकं आहे. मले सारखंच आहे ते. चार दिवस अंधारात पडून करू काय? सांग.

मनकर्णा : रोज काय करता?

मनोहरराव : काय?

मनकर्णा : तीन महिन्यांपासून अंधारातच खेळून राहिले ना? तिथं बी खेळा. आण वं शामला ती डब्बी. तांब्याच्या बाजूले ठेवतो.

शामला : आत्याबाई, तुम्ही म्हणता हे?

मनकर्णा : मीच म्हणतो. मान हलवायची नाही, वाकायचं नाही. अंगठ्यांचं डॉक्टर काही बोलला आहे का?

शामला : मी विचारते डॉक्टरांना. अंगठे हलवायला नाही म्हणतील असं वाटत नाही. जाता जाता सीताबर्डीवर घड्याळवाल्याकडून दोन सेल घेऊ, मधेच बंद पडायला नको.

मनोहरराव : बाजूच्या खाटवाला ओरडला त? टिक टिक करून राहिला म्हणून?

मनकर्णा : त्याले बी एक डाव द्या. पोरीले नाही दिला, त्याले तरी द्या.

मनोहरराव : प्रमोदिनी शाळेतून येईन आणि रडन.

शामला : तिला मी सांगते. तुम्ही परत आले की आठ दिवस खेळणं तिचं, तुम्ही हात नाही लावायचा.

मनोहरराव : पंधरा दिवस तिचं. आणि तिले ते सूर शिकवतो मी. डोळ्यानं खेळते, म्हणून नव्वदवर अडते ती.

मनकर्णा : आणि तुमचे डोळे चांगले झाले की तुमचा आकडा बी नव्वदवर येते का नाही ते पाय शामला.

मनोहरराव : हे मात्र बोलली तू. खरंच, मी डोळे मिटूनच खेळीन.

शामला : चला, आवाज आला. रिक्षा कोपऱ्यावर आली वाटते. मामाजी, चपला इकडे आहेत, उजवीकडे. थांबा, काचेवरून टिकली काढते. घ्या, आत्याबाई. अजून चिकटते ही.

मनोहरराव : एक मिनिट. टिकली तुझी म्हटली ना तू, मनकर्णा? तू त कुंकू लावते.

मनकर्णा : लावत होती.

मनोहरराव : मंग?

शामला : मी आणलं होतं पाकीट, मामाजी. दिवाळीच्या खरेदीत.

मनकर्णा : पाडव्याले पहिल्यांदा लावली. तुम्हाले ओवाळलं तेव्हा. चाळीस वर्ष कुंकू, त्या दिवशी टिकली. शामला म्हणे, आत्याबाई, दहा वर्षांनी लहान दिसता. मी निरांजन घेऊन तुमच्या तोंडासमोर उभी राहिली, मुद्दाम जरा जास्त वेळ राहिली. तुम्ही म्हणाले, झालं का. मले वाटलं, आवडली नसन. मंग वाटलं, डब्बीपुढं आमच्याकडं कोण पायते. तेव्हापासून त्या डब्बीवर राग होता माझा. दुधाचं उगाच म्हणत होती मी.

मनोहरराव : मले निरांजन दिसलं वं. एक उजेड हलून राहिला होता. त्याच्या मागं तू होती, एवढं माहीत होतं.

मनकर्णा : आता माहीत झालं मले बी. चला, उशीर होते. लाल नाही बरं ती, तुम्हाले वाटन लाल आहे म्हणून सांगतो, ती...

मनोहरराव : थांब. सांगू नको. शामला, तू बी नको सांगू. ती कपाळाले लाव आणि चार दिवस दवाखान्यात तीच लावून ये. पट्टी सुटली की मी सांगतो कोणत्या रंगाची आहे.

मनकर्णा : आणि चुकले त?

मनोहरराव : त पुन्हा पाहीन.