माझी शिफारस रद्द करणारी ताई

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय महापौरबाई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सनद सुधारणा समितीचे सर्व सदस्य, जुन्या सभागृहातले माझे सहकारी (आता ‘माजी सहकारी’ म्हणायची सवय करायला हवी) आणि समोर बसलेल्या, जागा न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज आपण या समितीला निरोप देतो आहोत. समितीच्या अध्यक्षा माझी सख्खी थोरली बहीण. व्यासपीठावरून त्यांना अध्यक्षा म्हणावं की ताई, या पेचात मी सकाळपासून होतो. बायकोला विचारलं, तर म्हणाली, ‘तुमची खुर्ची त्यांनी काढून घेतलीच आहे, आता काहीही म्हणा.’ तेव्हा मी ताईच म्हणणार आहे.

आपल्या शहराचा कारभार ज्या सनदेनं चालायचा, ती आपल्या आजोबांच्या काळातली. घोड्यांना पाणी पाजायचे हौद किती अंतरावर असावेत, हे तिच्यात तपशीलवार होतं. कचरा कुणी उचलायचा याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. आणि नळ घ्यायचा असो, गटार दुरुस्त करायचं असो, आधी प्रभागाच्या नगरसेवकाची शिफारस हवी, असं एक कलम होतं. त्या कलमावर माझं सगळं राजकारण उभं होतं. खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी माझ्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा नसे. चपला जिन्यापर्यंत. पाच वेळा निवडून आलो, पण दारी आलेल्या कुणालाही विन्मुख पाठवलं नाही. विरोधकाला मत देणाऱ्यालाही नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे.

मग समिती नेमली गेली. ताईची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली. शहराचे नकाशे काढणारी बाई, तिनं कारभाराचा नकाशा हातात घेतला आणि पायी निघाली. मंडईमागच्या रस्त्यावर तिला एक दिव्याचा खांब भेटला. रस्त्याची डावी बाजू एका प्रभागात, उजवी दुसऱ्या प्रभागात, खांब बरोबर मधोमध. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसा तो खांब कित्येक वर्षं अंधारात. त्या दोन नगरसेवकांपैकी एक मी होतो. दुसरे तिसऱ्या रांगेत बसून हसताहेत.

समितीच्या बैठका शाळेच्या वर्गात व्हायच्या. पोरांच्या बाकांवर बसायचं, गुडघे हनुवटीला. ताईचा नियम असा, की प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायचं आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी उठून ते आपल्या शब्दांत सांगायचं. नाही सांगता आलं, तर चूक कलमाची. मग ते पुन्हा लिहायचं. समितीतले वकीलसाहेब इथं आहेत, रागावू नका. एक कलम इतक्या वेळा परत आलं, की शेवटी तुम्हीच म्हणालात, ‘आता मलाही कळेनासं झालंय.’ पण आज आपल्या सनदेतलं कुठलंही पान काढा, भाजीवाल्याला वाचून दाखवा, त्याला ते समजतं. अशी सनद किती शहरांकडे असेल?

आणि याच समितीनं शिफारशीचं कलम काढून टाकायचं ठरवलं. अर्ज थेट कार्यालयात, काम क्रमानं, नकार द्यायचा तर कारण लेखी. शिवाय प्रभागांची नवी आखणी झाली, तिच्यात माझा प्रभाग शेजारच्यात विरघळला.

मी सुनावणीला जाऊन कडाडून विरोध केला. ‘माणूस माणसाकडे येतो, खिडकीकडे नाही,’ असं सांगत होतो. अध्यक्षांनी इतरांइतकाच वेळ दिला आणि वाक्य अर्धवट असतानाच घंटी वाजवली. ‘पुढचे.’ लहानपणी माझं नाक पुसणारी बाई मला ‘पुढचे’ म्हणाली.

त्या काळातही ताई दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत होती. ताटावर सनदेचा विषय काढायचा नाही, असा आमच्या घरातून दम होता. एका रविवारी ती लवकर आली. खोली भरलेली, तर कोपऱ्यात जाऊन बसली. मला वाटलं, आली सनदेसाठी सभागृहातलं माझं मत मागायला. सगळे गेल्यावर म्हणाली, ‘यांच्यात आई कुठं बसली असती रे?’

वडील लवकर गेले. आमच्या घरी नळ नव्हता. आई आम्हा दोघांना घेऊन तेव्हाच्या नगरसेवकांच्या दारापर्यंत जायची, पदर सारखा करायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत फिरायची. कुणापुढे तोंड वेंगाडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. आम्ही मोठे होईपर्यंत तिनं दुसऱ्या गल्लीतून पाणी वाहिलं. मी नगरसेवक झालो तो त्या पाण्यासाठी.

म्हणून ताईचं बोलणं मला झोंबलं. मी म्हणालो, ‘माझं दार सताड उघडं असतं.’

ताई म्हणाली, ‘त्यांचंही उघडंच होतं.’

एवढंच. मत मागितलं नाही. हात धुतले आणि पानावर बसली.

मतदानाच्या वेळी आमच्या गटात कुजबुज होती, की सख्खा भाऊच विरोधात आहे, तर आपण कशाला हो म्हणायचं? मी हात वर केला. पुढच्या रांगेतले मान वळवून बघत राहिले. मग त्यांच्यातलेही काही हात वर आले आणि सनद मंजूर झाली. सहकाऱ्यांनो, तुम्ही तुमच्याच खुर्च्यांविरुद्ध हात वर केलेत. या सभागृहानं याहून मोठं काम केलेलं मला आठवत नाही.

गेल्या रविवारी माझी खोली रिकामी होती. वाईट वाटलं. घरात करमेना, म्हणून सोमवारी प्रभाग कार्यालयात डोकावलो. खिडकीशी एक बाई उभ्या होत्या, दोन मुलं हाताशी. नळाचा अर्ज होता. आतल्या लिपिकानं त्यांना, तुम्ही कुणाकडून आलात, असं विचारलं नाही. पोच दिली. त्यांनी ती घडी करून पिशवीत ठेवली आणि माझ्या अगदी जवळून निघून गेल्या. मला ओळखलंही नाही. ओळखायचं त्यांना काही कारणच उरलं नव्हतं.

ताई, पाच निवडणुकांच्या गुलालात मला जे वाटलं नव्हतं, ते त्या खिडकीपाशी वाटलं.

समितीच्या प्रत्येक सदस्याचा, लिहून घेणाऱ्यांचा, शाळा उघडून देणाऱ्या शिपाईमामांचा मी सभागृहाच्या वतीनं ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर घरचाच माणूस समजून पोटात घाला. आणि समितीच्या अध्यक्षबाईंची परवानगी असेल, तर आज मी त्यांच्या पाया पडणार आहे. त्या नको म्हणाल्या, तरी पडणार आहे.