फोटोमागचा शिक्का

गावोगाव बांगड्या भरत फिरनाऱ्या कासारणीच्या पिशवीतनं माझ्या लेकीच्या, रंजीच्या बाळाचा फोटो आला, त्या दिवशी लई घाबरले बघा. रंजीनं पळून लगीन केल्तं, आन् तिचा चुलता कोयता घेऊन पत्ता हुडकत हुता. फोटो उलटला, तर मागं स्टुडिओचा शिक्का. मला वाचता येत न्हाई, पन शिक्क्यात गावाचं नाव असतं एवढं ठावं हुतं. परातीतलं ओलं पीठ त्याच्यावर थापलं, तोच भाऊजी दारात!

“वयनी, काय लपवता?” त्यांनी फोटो हिसकून उलटला. “ह्याला पीठ कशाला?”

“भिंतीला चिकटवायला. सुकायच्या आत लावा की तुमीच.”

त्यांनी फोटो भिंतीला दाबून धरला. “आता खरं बोला. रंजी कुटं हाय?”

“मला काय ठावं, भाऊजी?”

गाव त्यांच्याच तळव्याखाली हुतं.