शमीमताईंचे एकवीस मोदक

मंडळी, वॉटफर्डच्या आपल्या या हॉलमध्ये आज आपण शमीमताईंच्या शोकसभेला जमलोय. त्यांच्याबद्दल गोड बोलून झालंय सगळ्यांचं. मी गोड बोलणार नाहीये. त्यांची लेक रुबिना समोर बसलीय, तिच्यादेखत खोटं कसं बोलू?

तीन वर्षांपूर्वीचा आपला गणपती आठवतो? ताईंनी भाषण केलं होतं. लग्नानंतर, इंग्लंडला येण्याआधी, त्या अमेरिकेत एका छोट्या गावात राहिल्या होत्या. त्या गावाच्या वेशीवर पूर्वी पाटी होती, काळ्यांनी सूर्य मावळायच्या आत गाव सोडावं म्हणून. ज्यूंना घर मिळायचं नाही. ताई गेल्या तेव्हा पाटी नव्हती. पण ताईंचं मुसलमानी नाव ऐकलं की घरमालक हसून सांगायचे, "सॉरी, कालच दिलं."

आपण काय टाळ्या वाजवल्या! "शी! काय मेली माणसं!" हे कोण म्हणालं? मीच.

मग आरतीची वेळ झाली. रत्नागिरीच्या ताई, उकडीचे मोदक त्यांच्यासारखे कुणाला जमत होते? मोजून एकवीस आणले होते. मला म्हणाल्या, "वैशाली, नैवेद्याच्या ताटात ठेवू ना गं?"

स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. मी हसले. हो, हसून म्हणाले, "राहू दे ताई, मुलांच्या टेबलावर ठेवा ना. मुलांना आवडतात."

मुलांनी हात पुढे केले, तर आयांनी डोळे वटारले. कोण कोण ते मला माहीत आहे. खाली काय बघताय? डबा भरलेलाच घरी गेला.

परवा रुबिना फोनवर म्हणाली, "आंटी, त्या रात्री घरी आल्यावर मम्मीने कोट पण काढला नाही. किचनमध्ये उभी राहून सगळे मोदक एकटीने खाल्ले. मला एक पण नाही दिला."

पुढच्या वर्षी ताई आल्या त्या पेपर प्लेट्स घेऊन. मोदक का नाहीत, एकानं तरी विचारलं? मला तर हायसं वाटलं. त्याच प्लेट्समध्ये आपण जेवलो.

ताई, मी नीच वागले. हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू या. आणि नंतर कुणीही रुबिनाकडे माफी मागायला जाऊ नका. ती गुणी पोर आहे, "इट्स ओके" म्हणेल. आणि आपण सगळे सुटू.