चारवर थांबणारी रांग

"हॅलो?… हॅलो, कोण?… हो, मीच. व्हर्नेल. माझ्या घरात दुसरं कोण फोन उचलणार, चोर?… अगं जोनेटा, सकाळचे नऊ वाजलेत, ओरडतेस कशाला? हळू बोल. ऐकू येतं मला अजून."

व्हर्नेल गुडलोनं रिसीव्हर मानेत दाबून धरला आणि इस्त्री पुन्हा पांढऱ्या स्कर्टवर टेकवली. फोन येणार हे तिला ठाऊकच होतं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या त्या गावात, काळ्या मुलामुलींच्या कॉलेजातल्या भगिनीमंडळाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली होती. आज बाराला त्याचं जेवण. जेवणाआधी मंडळाच्या घरात 'नामवंत भगिनीं'चा फलक उघडायचा होता. फलकावर लावायच्या पितळी पट्ट्यांचा डबा मंडळाची अध्यक्ष जोनेटा आज सकाळी उघडणार होती. तिनं तो उघडलाय, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"बारा आहेत ना पट्ट्या?… मग झालं. बारांचीच जागा आहे फलकावर… काय नाही?… माझी नाही. बरं. आणि माझ्या जागी कोणती आहे?… वाच ना. अगं, वाच तर. चष्मा लाव… लावलास? मग मोठ्यांदा म्हण… नाही म्हणवत? राहू दे, मी म्हणते. हॅटी रूथ टिपेट."

"नाही, नाही… डेल्बर्टची चूक नाही. त्याच्या दुकानात फोन करून त्या बिचाऱ्याला झापू नकोस. मी गेले होते मंगळवारी. म्हटलं, माझं नाव काढ आणि हे घाल… तुझी परवानगी? अगं, तो माझ्या शाळेत होता. मुख्याध्यापक असताना दोनदा घरी पाठवलाय मी त्याला. अजून मला बघितलं की शर्ट आत खोचतो. तो मला विचारणार, की अध्यक्षबाईंची चिठ्ठी आणली का म्हणून?"

"समितीचा निर्णय… हो, हो… ऐक ना. मी होते त्या बैठकीला. फेब्रुवारीत. तिचं नाव सुचवायला हात मीच वर केला होता. तू म्हणालीस, 'सभासदांच्या वहीत नाव नाही, पदवीधरांच्या यादीत नाव नाही, मग ती आपली कशी?' आणि सगळ्यांनी लगेच केकचा तुकडा तोंडात टाकला. तुझा केक. कोरडा होता, आज सांगते. कोणी तोंड उघडलं नाही त्याला तोही कारण असेल."

या मंडळात मुली रांगेनं शिरतात. बुटकी पुढे, उंच मागे. रांगेत जो नंबर मिळाला तो मरेपर्यंत चिकटतो. एकोणसाठ सालच्या रांगेत पाच जणी होत्या. सगळ्यात पुढे जोनेटा, एक नंबर. व्हर्नेल चार. आणि व्हर्नेलच्या मागे, तिच्याहून हातभर उंच, पाच नंबरची हॅटी रूथ. दरवर्षीच्या जेवणाला एकेक रांग उभी राहते आणि ज्या त्या भगिनीनं आपला नंबर हाकारायचा असतो. जी मेली असेल तिचा नंबर तिच्या पुढची हाकारते. दोन नंबर वारली त्याला दहा वर्षं झाली, तिचा आवाज जोनेटाच देते. पण त्रेचाळीस वर्षं ही रांग चारवर थांबत आली होती. चार झाले की सगळ्या खाली बसायच्या आणि काट्या-चमच्यांचा आवाज सुरू व्हायचा. मेलेल्या बाईला या मंडळात आवाज होता. जिवंत बाईला नव्हता.

"वही? वहीचं मला सांगू नकोस. चिटणीस मी होते. पाचव्या ओळीवर शाई कोणी फिरवली? मी. या हातानं… 'लहान होतो' म्हणू नकोस हं, जोनेटा. एकवीस वर्षांच्या घोड्या होतो. लग्नं ठरली होती आपली… हो, ठरलं होतं आपलं. पाचींचं. शनिवारी सकाळी दहाला रिव्हर्स स्ट्रीटवरच्या त्या दुकानात जायचं, आपल्याला मनाई असलेल्या, गोऱ्यांच्या काउंटरवर बसायचं आणि कॉफी मागायची. एवढंच. शनिवार उजाडला आणि तुझं पोट दुखायला लागलं. तीन नंबरच्या व्हेल्माची आई अचानक गावाहून आली… मी? मी काय केलं विसरलीस? हॅटी रूथच्या ब्लाउजला इस्त्री करून दिली. कॉलर अशी कडक. आणि म्हटलं, तू हो पुढे, मी आलेच… आलेच!"

भाजल्याचा बारीक वास आला. व्हर्नेलनं झटकन इस्त्री उचलली, कापड उलटून बघितलं. डाग नव्हता. तिनं त्यावर पाणी शिंपडलं.

"आहे, आहे, ऐकतेय… हो, भीती होती. खरंय. आईबापांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, तेही खरं. माझा बाप गोऱ्यांच्या शाळेत फरशी पुसायचा, मला नको शिकवूस. पण अकरा दिवसांनी ती तुरुंगातून सुटून वसतिगृहावर आली तर तिची ट्रंक पायरीवर होती, आणि ट्रंकेवर पत्र होतं. कोणाचं?… कॉलेजचं नाही, बाई. कॉलेजनं दोन दिवसांनी काढलं. आधी आपण काढलं. घाई आपल्याला होती… बरं, ती साठ सालची भीती. चल, सोडली. फेब्रुवारीत कोणाची भीती वाटली तुला? केकची?"

"काय केलं म्हणतेस तिनं, नामवंत होण्यासारखं?… पुन्हा विचार. नीट विचार… क्लीव्हलँडला, इस्पितळाच्या धोबीखान्यात एकोणतीस वर्षं चादरी धुतल्या. हो, चादरी. लोकांच्या रक्ताच्या. आणि एका सकाळी त्या धोबीखान्यातल्या तीनशे बायका घेऊन बाहेर पडली. सहा आठवडे बर्फात उभ्या होत्या. पगारी आजारपणाची रजा लिहून घेतली तेव्हा आत गेल्या. तीनशे बायका, जोनेटा. आपण तीस जणींना एका तारखेला जेवायला जमवू शकत नाही… तुझ्या पट्टीवर काय आहे? 'नगरपरिषदेतील पहिली महिला.' माझ्यावर काय होतं? 'जिल्ह्यातील पहिली महिला मुख्याध्यापक.' पहिली, पहिली! त्या काउंटरवर बसून डोक्यावर साखर ओतून घेतली ती कोण होती? ती बसली म्हणून पुढे आपल्याला खुर्च्या मिळाल्या. आणि आपण त्या खुर्च्यांवर बसलो ते हॅट सांभाळत."

"पुरावा?… पुरावा हवा. बरं झालं विचारलंस."

व्हर्नेलनं इस्त्री उभी केली. रिसीव्हर मानेतून काढून हातात घेतला. मान अवघडली होती. पण हे वाक्य मान वाकडी करून बोलायचं नव्हतं.

"पत्र आहे… तेच. मूळ. तिनं जपून ठेवलंय. ऐक. 'आपल्या वर्तनामुळे मंडळाच्या प्रतिष्ठेस धक्का पोचला असल्याने आपले नाव सभासदांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे.' कमी करण्यात येत आहे. यादीत नसलेलं नाव कमी कसं करतात गं?… ती आपली होती याचा इतका पक्का कागद ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे. तारीख आहे, शिक्का आहे. अक्षर माझं आहे. आणि खाली सही… सही कोणाची आहे, जोनेटा?… हॅलो?… आहेस ना?"

व्हर्नेलनं मोकळ्या हातानं स्कर्टची सुरकुती सपाट केली.

"धमकी?… हो, धमकीच आहे. गोड शब्दांत सांगून बघितलं होतं, फेब्रुवारीत… काढ की. डब्यातून बाहेर काढ ती पट्टी, टाकून दे. मग जेवणाआधी मी उठते आणि पत्र वाचते. माझं अक्षर, मीच वाचलं पाहिजे. सहीपर्यंत आले की थांबेन. पुढचं तू वाच… मंडळाची प्रतिष्ठा? अगं, तेव्हाही हाच शब्द वापरला होता आपण. निदान शब्द तरी बदल… जाऊ दे ना माझी अब्रू. मी काय फक्त तुझी घालवायला निघालेय का? दोघींची मिळून जाईल."

"पत्र मिळालं कसं म्हणजे? जानेवारीत मी तिला लिहिलं. चार पानं. माफीच माफी. तिचं उत्तर आलं एका ओळीचं. 'माझा नंबर कधी हाकारणार?' बस. नाव नाही, गाव नाही, सही नाही. पट्टीचं नावसुद्धा तिनं काढलं नाही, पट्टी हा माझा हट्ट… नाही, ते जुनं पत्र टपालानं नाही आलं. पर्समधून आलं. पर्स तिच्या खांद्याला होती. ती बसनं आली, परवा. सतरा तास… इथे. माझ्या व्हरांड्यात बसलीय, कॉफी पितेय. अंजिराचा मुरंबा अर्धी बरणी संपवला."

टेबलावरून खाली लोंबणारा तो पांढरा स्कर्ट जवळजवळ फरशीला टेकत होता. व्हर्नेलला तो कधीच झाला नसता. तिचा सूट कालच इस्त्री होऊन दारामागे टांगला होता.

"काय?… उंच? हो, आहे ना. जरा वाकलीय. हातात काठी आली. तरी तुला मान वर करूनच बघावं लागेल… रागावलीय का ते मला नाही सांगता येणार. दोन दिवस झाले, मलाही विचारायचा धीर नाही झाला. काल जेवताना मात्र म्हणाली, एक नंबरचं पोट बरं आहे का आता?… अगं… अगं, रडू नकोस. पावडर लावून बसली असशील, सगळा चिखल होईल… हो. हो गं. मीही रडले. गुरुवारी, बसस्टँडवर, सगळ्या लोकांत. तिनं मला रुमाल दिला आणि म्हणाली, बॅग उचल."

"बोलायचंय तिच्याशी?… थांब."

फोनची वायर ताणत व्हर्नेल जाळीच्या दारापर्यंत गेली, पायानं दार ढकललं आणि रिसीव्हर बाहेर धरला. हॅटी रूथनं रिसीव्हरकडे बघितलं. मग कप बशीत ठेवला, ओठ पुसले आणि मान हलवली. दोन-तीन वाक्यं बोलली, शांतपणे. व्हर्नेलनं रिसीव्हर परत कानाला लावला.

"नको म्हणते… अगं, तसं नाही. म्हणते, पत्र मला पायरीवर एकटीला दिलंत. हे एकटीला नको, सगळ्यांदेखत हवं… हो. दरवर्षीसारखंच. तू एक म्हण, दोनही तूच म्हण. व्हेल्मा तीन म्हणेल, मी चार. आणि चार झाले की खाली बसायचं नाही. कळलं? कोणीच बसायचं नाही. उभं राहायचं… किती वेळ म्हणजे? ती बोलेपर्यंत. अर्धा तास घेतला तिनं तरी. जेवण थंड झालं तर होऊ दे."

"राहू दे म्हणतेस ना पट्टी?… म्हण एकदा… बरं. मग तूच लाव. तुझ्या हातानं आवळ स्क्रू. आणि माझ्यासाठी तेरावी जागा शोधत बसू नकोस, भिंत पोखरशील उगीच… खुर्ची? थांब, विचारते… ती म्हणते, खुर्ची कशाला, उभंच राहायचंय ना."

"साडेअकराला. हो, माझ्याच गाडीनं… केक? नको आणूस. बरं, आण. कोरडा तर कोरडा, कॉफी आहे… नाही, आता ठेव. ठेव गं. माझं काम राहिलंय… स्कर्ट झाला. ब्लाउजची कॉलर व्हायचीय… हो, जोनेटा. हो. या वेळी मी तिच्याबरोबरच निघणार. ठेवते."

तिनं रिसीव्हर अडकवला, ब्लाउज टेबलावर पसरला आणि कॉलर पालथी केली.